हळूबाई, उत्तम क्षमा



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणीही झाली. घरोघरी पारणी होऊन स्वयंपाकघरं पुन्हा नेहमीच्या वेळेवर आली असतील. दर वर्षी पर्व संपलं की मी प्रवचनाची वही घेऊन बसते आणि तुमच्यासाठी काही लिहिते. यंदा वही उघडली आणि तिसऱ्या दिवसाच्या पानावरच अडकले. उत्तम आर्जव. मनात एक, बोलण्यात दुसरं आणि करण्यात तिसरं असं नसावं, सरळ असावं, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ते लिहून घेऊन मी मंदिरातून घरी आले आणि तासाभरात त्याच्या अगदी उलट वागले. तेही एका गोगलगायीवरून.

हसू नका. मलाही सुरुवातीला वाटलं होतं, यात लिहिण्यासारखं काय आहे?

चातुर्मास लागायच्या आधीची शेवटची पालेभाजी म्हणून मी पालकाच्या दोन जुड्या आणल्या होत्या. आपल्या घरी चार महिने पालेभाजी बंद, म्हणून त्या आठवड्यात रोज एक पालेभाजी होतेच. धाकटी माझ्याजवळ पानं निवडायला बसली होती. चौथीत आहे. एका देठाला हरभऱ्याच्या दाण्याएवढी गोगलगाय चिकटलेली तिला दिसली. "आई, हिला घर आहे!" म्हणून ती ओरडली आणि सगळं घर गोळा झालं.

सासूबाई म्हणाल्या, "जिथली आहे तिथं सोडून ये गं तिला."

मी म्हटलं, "आई, कुठल्या शेतातली भाजी, कुणाला माहीत? राहू दे दोन दिवस. पोरीला गंमत."

ते दोन दिवस म्हणता म्हणता दोन-अडीच महिने झाले. लोणच्याची एक काचेची बरणी रिकामी केली, तळाशी कुंडीतली माती घातली, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, तिथे ऊन येत नाही. चालणं बघून धाकटीनं नाव ठेवलं, हळूबाई.

हळूबाईचा खर्च काहीच नव्हता. दिवसाआड काकडीची एक चकती, नाहीतर दुधीची साल. सकाळी बघावं तर चकती कडेनं बारीक किसणीवर किसल्यासारखी झालेली. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं की गोगलगायीच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात. शंख वाढायला तिला चुना लागतो, हेही त्यांनीच सांगितलं. लोक अंड्याची टरफलं घालतात म्हणे. आपल्या घरात ती कुठून येणार? मग त्यांनीच सुचवलं की शहाबादी फरशी हा चुनखडकच असतो, तिचा तुकडा ठेवा. मागच्या अंगणातल्या फुटक्या फरशीचा तुकडा धुऊन बरणीत ठेवला. रात्री हळूबाई त्या फरशीवर जाऊन बसायची. भाद्रपद लागेपर्यंत ती बोराएवढी झाली होती.

धाकटी शाळेतून आली की आधी बरणीशी जायची. दोन बोटांनी पाण्याचे शिंतोडे मारायची. मग शंखातून आधी अंग, मग ती चार शिंगं हळूच बाहेर यायची. अभ्यासाची वहीसुद्धा बरणीशेजारी. मीही, खरं सांगते, दुपारी कणीक मळताना तिच्याशी बोलायला लागले होते. "गोगलगाय नि पोटात पाय" म्हणून आपण या बिचारीला उगाच लबाड ठरवलं आहे. पोट हाच तिचा पाय, त्यात लपवायचं काय?

एकदा आजी-नातीची जुंपलीही. आजी म्हणाल्या, गोगलगाय दोन इंद्रियांची, शंख-जळू-गांडूळ यांच्या पंक्तीतली. स्पर्श आणि रसना, बस्स. नात म्हणाली, पुस्तकात तर लिहिलंय की वरच्या दोन शिंगांच्या टोकाला डोळे असतात. आजी म्हणाल्या, आमच्या पाठशाळेत हे नव्हतं. नात म्हणाली, आमच्या शाळेत ते नाही. मी दोघींना गरम भात वाढला आणि विषय बदलला. तेव्हा मला काय माहीत की पुढे याच प्रश्नानं माझी झोप उडणार आहे.

पर्वाचा तिसरा दिवस. तुम्हाला ठाऊकच आहे त्या दिवसांत सकाळ कशी असते. अभिषेकाला पोचायचं, त्याआधी पाणी गाळायचं, सासूबाईंचं एकाशन असल्यानं त्यांचं सोवळ्यातलं वेगळं बघायचं. जाता जाता वाटलं, खिडकीचा कट्टा पुसून घ्यावा. त्यावरचे डबे खाली ठेवले आणि हळूबाईची बरणी उचलून गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. कट्टा पुसला, डबे परत ठेवले. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी हाक मारली, "येताय ना?" मी पूजेची थाळी उचलली आणि निघाले.

तीन आठवडे पावसानं तोंड दाखवलं नव्हतं असा एक दिवस नव्हता. नेमकं त्या दिवशी उघडलं. पूजा, विधान, मग आर्जवावरचं प्रवचन. परतायला साडेबारा झाले. दार उघडलं तर गॅलरीत लख्ख ऊन. बरणीला हात लावला तर गरम. काच आतून वाफेनं धुरकट झाली होती. हळूबाई तळाशी होती, शंखाच्या आत पार ओढलेली.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं आहे, मलाही कळत होतं. पण मी बरणी उचलली, थंड पाणी शिंपडलं, फडक्यानं काच पुसली आणि ती परत खिडकीत ठेवली. जशी रोज असते तशी. सासूबाई मंदिरातच थांबल्या होत्या. कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळी धाकटीनं शिंतोडे मारले, हळूबाई बाहेर आली नाही. ती म्हणाली, "झोपली असेल. पुस्तकात आहे, हवा कोरडी झाली की गोगलगाय शंखाच्या तोंडाला पातळ पडदा लावून आत झोपते. कधी कधी खूप दिवस." मी म्हटलं, "हो, असेल." बस, एवढंच बोलले. खोटं असं एक अक्षर बोलले नाही. पण सरळपणा अक्षरांत मोजायचा नसतो, हे मी सकाळीच वहीत लिहून आले होते.

दोन दिवस पोरगी वाट बघत होती. काकडीची ताजी चकती ठेवायची, सुकलेली काढायची. पाचव्या दिवशी बरणीचं झाकण उघडल्यावर वास आला आणि तिला कळलं. ती मोठ्यानं रडली नाही. बरणी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी तिनं जेवायलाही नको म्हटलं.

घरात जो तो समजूत घालायला लागला. हे म्हणाले, "अगं, दुसरी आणू." थोरला म्हणाला, "गोगलगायच तर होती." दोन्ही वाक्यांनी ती जास्तच मिटली. त्या दोन वाक्यांबद्दल मी नंतर खूप विचार केला. आपण पोरांना मुंगीवर पाय देऊ नको म्हणून शिकवतो, पाण्याच्या थेंबात जीव आहे म्हणून सांगतो. आणि मग एका जिवासाठी पोर रडलं की "एवढंच तर होतं" म्हणतो. मग पोरांनी खरं काय धरायचं?

सासूबाईंनी मात्र वेगळं केलं. त्या तिच्याशेजारी खाली बसल्या. गुडघे दुखतात तरी. म्हणाल्या, "रडून घे. पण धरून नको बसू. आवडतं गेलं म्हणून त्यातच घोळत राहणं हे आर्तध्यान. त्यानं तिचंही काही होत नाही आणि आपलंही." मग दोघींनी णमोकार म्हटला. नऊ वेळा.

म्हणून झाल्यावर धाकटीनं विचारलं, "आजी, तिला ऐकू आलं का?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. पार्श्वप्रभूंनी जळणाऱ्या नागाच्या जोडीला मंत्र ऐकवला, जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याला ऐकवला, या गोष्टी तिला पाठ आहेत. नाग आणि कुत्रा यांना कान आहेत, मन आहे. गोगलगायीला कान नाहीत, याबाबत शास्त्र आणि शाळा दोन्हीकडे एकच उत्तर आहे. शिवाय ती गेलेलीच होती. आजी म्हणाल्या, "नाही बाळा. आपल्याला ऐकू आलं. आपल्यासाठी म्हटला."

माझी मान वर होईना.

मातीत खड्डा करायला सासूबाईंनी नको म्हटलं, चातुर्मासात माती उकरायची नाही. कढीपत्त्याच्या कुंडीत कोरडी, मुंगी-किडा नसलेली जागा बघून तिथे हळूबाईला ठेवलं, वरून वाळलेली पानं घातली. धाकटीला शंख ठेवून घ्यायचा होता. आजी म्हणाल्या, "ते तिचं घर होतं. आपलं नव्हे." तिनं ऐकलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे होते की नव्हते, इंद्रियं दोन की चार, हा वाद आठवत राहिला. आणि एकदम लक्षात आलं, माझ्यापुरता या वादाला अर्थच नाही. पहिलं इंद्रिय स्पर्श. ते एकेंद्रियालाही असतं. आणि स्पर्शाचे आठ प्रकार आपण पाठशाळेत घोकलेत, त्यात थंड आणि गरम आहेच. काचेच्या बरणीत तापलेल्या उन्हाला ओळखायला तिला डोळे लागत नव्हते. जे एक इंद्रिय तिच्याकडे नक्की होतं, त्यानंच तिनं ते सोसलं. दोन इंद्रियं, कायबल, वचनबल, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास असे सहा प्राण द्वींद्रिय जिवाला. माझे दहा. दहावाली सहावालीला कठड्यावर विसरून प्रवचनाला गेली.

पर्वातच लातूरच्या नणंदेचा फोन आला. बोलता बोलता मी तिला सांगितलं, गोगलगाय गेली म्हणून पोरगी हिरमुसली आहे. कशी गेली ते तिलाही सांगितलं नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे त्यांच्यासाठी कोण रडतंय?" 2022च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. नणंदेच्या शेतातही तेच. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. "मी पोतं उचलायचे आणि तोंड फिरवायचे," ती म्हणाली. "ह्यांना म्हणायचे, तुम्ही टाका. जणू मी फिरवल्यानं माझा वाटा कमी होणार होता."

मी तिला काही शिकवायला गेले नाही. आपली बरीच माणसं शेतीवर आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार भेद आपल्याकडे केले आहेत ते काही उगाच नाहीत. गृहस्थाला ठरवून केलेली हिंसा सोडायला सांगितली आहे, शेत-संसारात होणारी कमीत कमी ठेवायला. नणंदेसमोर पीक होतं, कर्ज होतं, आणि तरी तिला मान फिरवावीशी वाटली. माझ्यासमोर काय होतं? एक पुसायचा कट्टा. तिच्या हातून झालं ते पोटासाठी. माझ्या हातून झालं ते निव्वळ प्रमादानं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादालाच पुढे ठेवलं आहे, हे आपण दर वर्षी वाचतो. वाचतो.

अनंत चतुर्दशी झाली. मग क्षमावाणी. मंदिरात सगळ्यांना हात जोडून झाले, फोनवरून आलेल्या पन्नास क्षमायाचनांना पन्नास उत्तरं गेली. घरी आल्यावर धाकटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात जोडले. "उत्तम क्षमा, आई."

मी म्हटलं, "उत्तम क्षमा बाळा."

ती हलली नाही. म्हणाली, "आई, हळूबाई माझ्यामुळे गेली. त्या दिवशी सकाळी मी पाणी शिंपडायला विसरले होते. शाळेची रिक्षा आली होती. म्हणून ती सुकली. मी कुणाला सांगितलं नाही."

मैत्रिणींनो, इतके दिवस ती हे घेऊन फिरत होती. मी माझी चूक बरणीबरोबर पुसून खिडकीत ठेवली आणि ती माझ्या लेकीनं उचलली.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. कट्टा, कठडा, ऊन, गरम काच, परत ठेवलेली बरणी. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. धाकटीनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "तिला खूप वेळ लागला का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी नव्हते तिथे." दुसरा: "मग तू मला झोपली असेल असं का म्हणू दिलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मी घाबरले," एवढंच म्हणाले.

ती माझ्यावर रागावली. दोन दिवस नीट बोलली नाही. आणि खरं सांगते, त्या रागानं मला बरं वाटलं. तो राग योग्य पत्त्यावर आला होता.

तिसऱ्या दिवशी ती सासूबाईंना विचारत होती, आजी, तू पहिल्याच दिवशी सोड का म्हणाली होतीस? सासूबाईंनी जिवाणीची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी थोरल्यांनी पाहिलं असेल, आमच्या पिढीनं फक्त ऐकलं. त्यांच्या माहेरी विहीर होती. पाणी दुहेरी कापडानं गाळायचं. गाळून झाल्यावर ते कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं खळबळायचं आणि ते पाणी, म्हणजे जिवाणी, त्याच विहिरीत परत सोडायचं. दुसऱ्या विहिरीत नाही, त्याच. आणि वरून ओतायचं नाही, भांडं दोरीनं पार पाण्याला टेकवून अलगद सोडायचं, आपटून जीव मरू नयेत म्हणून. "डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाला आम्ही इतकं जपून घरी पोचवायचो," त्या म्हणाल्या. "ही तर दिसत होती."

मग त्यांनी तिला अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले: बंध, वध, छेद, अतिभार आणि अन्नपाणी तोडणं. पहिलाच बंध. बांधून, कोंडून ठेवणं. आम्ही हळूबाईला काकडी दिली, फरशी दिली, नाव दिलं, जीवही लावला. पण झाकण लावूनच. मोकळी असती तर ऊन आल्यावर ती सरकत सरकत सावलीला गेली असती. हळू का होईना, गेली असती. तिचं चालणं हळू होतं, पण तिला चालता येत होतं. ते आम्ही काढून घेतलं आणि वर माझा विसरभोळेपणा.

आता आमच्या घरी काय बदललं ते सांगते, कारण नुसतं रडून उपयोग नाही. चातुर्मास संपून पालेभाजी सुरू झाली की जुडी थेट पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात बुडवायची नाही. आधी उजेडात सुपात पसरून पान न पान बघायचं. जीव दिसला की पानासकट उचलून मागच्या अंगणात ओलसर सावलीत ठेवायचा, त्याच दिवशी. बरणी धुऊन परत लोणच्याला घेतली, झाकण मात्र नवीन आणावं लागलं. आणि घरातून निघताना थाळी उचलण्याआधी एकदा मागे वळून बघायचं, ही सवय मी लावून घेते आहे. ईर्यासमिती मुनींची. गृहिणीनं निदान गॅलरीपर्यंत तरी बघावं.

तुमच्या घरात पोरांचा असा एखादा जीव गेला, मासा, पोपट, मांजराचं पिल्लू, तर दोन गोष्टी करू नका असं मी हात जोडून सांगेन. "एवढंच तर होतं" म्हणू नका, आणि दुसरं आणायची घाई करू नका. रडू द्या, शेजारी बसा, णमोकार म्हणा. आणि तुमच्या हातून काही झालं असेल तर ते त्याच दिवशी सांगा. क्षमावाणीपर्यंत थांबू नका. मधल्या दिवसांत ते ओझं कुणीतरी उचलतं, आणि बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात लहान माणूसच उचलतं.

काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर धाकटी मला हात धरून अंगणात घेऊन गेली. फुटक्या शहाबादी फरशीच्या कडेला एक गोगलगाय होती, हरभऱ्याएवढी. आम्ही दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. तिनं बोट पुढे केलं, मग मागे घेतलं. "राहू दे," ती म्हणाली. "तिचं घर इथंच आहे."

अंधार पडायच्या आत जेवायचं होतं, म्हणून आम्ही उठलो. पाय बघून टाकत घरात आलो.

जाणता-अजाणता माझ्या लिहिण्यानं कुणाचं मन दुखावलं असेल तर तुम्हा सर्वांना उत्तम क्षमा. आणि हळूबाई, तुलाही. तुला ऐकू येत नाही, माहीत आहे. मला येतं.

जय जिनेंद्र.